शाळेतले सण: इंदूरच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी वर्षभराची आखणी

शाळेत सण साजरा करायचा ठरला की पहिली सूचना निघते ती वेशभूषेची आणि दुसरी वर्गणीची. मूल घरून नटून येते, मंचावर चार मिनिटे उभे राहते, छायाचित्रे निघतात आणि पालक आपापल्या दुकानात किंवा कचेरीत परत जातात. इंदूरमधल्या एका मध्यम आकाराच्या शाळेच्या उत्सव समितीचे काम मी आधी पालक म्हणून आणि मुलगी शाळेतून बाहेर पडल्यावर शाळेच्या विनंतीवरून पाहत आले आहे. पालकांकडून पैसे आणि हजेरी मागण्याऐवजी त्यांना येत असलेले एखादे काम मागावे, असे माझे मत या अनुभवातून पक्के झाले. ज्या घरातून कधी कुणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घरातली आजी केवळ तिला शेणाची संजा, म्हणजे माळव्यातल्या मुली पितृपक्षात भिंतीवर काढतात ती चित्रे, काढता येते म्हणून सलग सोळा दिवस शाळेत आली, हे मी पाहिले आहे. ही आखणी प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांसाठी आहे आणि तिला मोठा खर्च लागत नाही, मात्र जूनपासून तयारी लागते.

दोन पंचांगे शेजारी ठेवून दिनदर्शिका करावी

इंदूरच्या शाळेत सणांची यादी करताना मराठी माणसाची पहिली चूक पंचांगाची होते. आपला महिना अमावास्येला संपतो, तर माळव्यातला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्ही पंचांगांत महिन्याचे नाव एकच असते, पण कृष्ण पक्षात आपण एक महिना मागे असतो. त्यामुळे गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या घरी सावन सुरू होतो, आणि आपल्याकडे अजून पंधरा दिवस आषाढच चालू असतो. आपण गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची म्हणतो, तर शेजारी तिला भादोंची अष्टमी म्हणतात. दिवस मात्र एकच असतो.

हा घोटाळा कागदावर क्षुल्लक दिसतो, पण आम्ही एका वर्षी परिपत्रकात “श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आजी-आजोबांनी यावे” एवढेच छापले. हिंदी भाषक घरांतले अकरा आजी-आजोबा दोन आठवडे आधीच्या सोमवारी, काही जण उपवासाचे डबे घेऊन, शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. चौकीदाराला काही कल्पना नव्हती आणि मुख्याध्यापिका सुट्टीवर होत्या. चूक सर्वस्वी माझी होती. त्या दिवसापासून प्रत्येक सूचनेत आधी इंग्रजी तारीख आणि वार, आणि त्यानंतर दोन्ही पंचांगांप्रमाणे तिथी, असा नियम आम्ही केला.

दिनदर्शिका करताना आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे अधिक मास. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. जुन्या वर्षाची यादी तारखा थोड्या सरकवून पुन्हा वापरली, तर उत्सव नेमका परीक्षेच्या आठवड्यात जाऊन बसतो. दुसरी गोष्ट अशी की ईद आणि मोहरम दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात, त्यामुळे ते कोणत्याही ऋतूशी बांधलेले नसतात आणि त्यांची तारीख दर वर्षी नव्याने पाहावी लागते. तिसरी गोष्ट आपल्या शहराची आहे. इथे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, मेमध्ये सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरते. त्यामुळे इंदूरचा सर्वांत मोठा लोकोत्सव, म्हणजे रंगपंचमीला रंग उधळत निघणारी गेर ही मिरवणूक, शाळेच्या दृष्टीने अगदी अडनिड्या काळात, वार्षिक परीक्षांच्या तोंडावर किंवा त्यांच्या मध्येच येते. राजवाड्यासमोरचा तो रंग, ती गर्दी आणि त्या रंग उडवणाऱ्या तोफा शाळेच्या अंगणात आणण्याचा प्रयत्न कुणी करू नये. तो दिवस घरचा आणि गावाचाच राहू द्यावा.

पाचच सण निवडावेत

आमच्या पहिल्या यादीत चौदा कार्यक्रम होते. दिवाळीपर्यंत शिक्षिका थकल्या आणि डिसेंबरनंतरचे सगळे उरकले गेले. आता आम्ही पाच कामे धरतो, आणि निवडताना एकच कसोटी लावतो: त्या सणात मुलांना हाताने करण्यासारखे काही आहे का, आणि ते शिकवणारे माणूस आपल्या पालकांत किंवा आजी-आजोबांत सापडते का? माळव्याच्या ऋतूचक्राप्रमाणे आमची यादी अशी होते: आषाढ अमावास्येला दिवे आणि रोपे, श्रावणाच्या शेवटी मातीचा आठवडा, पितृपक्षात संजा आणि लगेच पुढे भोंडला, दिवाळीनंतर एखादा मोकळा दिवस, ज्याचा विषय मुले ठरवतात, आणि जानेवारीत संक्रांत. नाताळ, गुरुनानक जयंती, ईद, महावीर जयंती यांच्यासाठी त्या त्या घरातले पालक सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी दहा मिनिटे आपल्या घरी काय करतात ते सांगतात. हे सांगणे शिक्षिकेने वाचून दाखवलेल्या निबंधापेक्षा कितीतरी जिवंत असते.

आषाढ अमावास्येबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण दोन परंपरा इतक्या सहज जुळण्याचे उदाहरण दुसरे नाही. आपल्याकडे ती दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे, समया, निरांजने घासून पाटावर मांडायची. माळव्यात त्याच दिवशी हरियाली अमावस्या, म्हणजे झाडे लावायचा आणि रानात जाऊन जेवायचा दिवस. आम्ही सकाळी शाळेच्या आवारात रोपे लावतो आणि दुपारी मुले घरून आणलेला एक दिवा चिंचेने किंवा राखेने घासतात. रोपे किती लावायची हे खड्ड्यांवरून नव्हे, तर मेच्या सुट्टीत पाणी कोण घालणार यावरून ठरवावे. आमच्याकडे ती जबाबदारी शाळेजवळ राहणाऱ्या सात कुटुंबांनी आठवड्यांची वाटणी करून घेतली, म्हणून आम्ही सातच रोपे लावली.

समिती आणि पालकांची यादी

शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. अशा शाळेत सणांची आखणी याच समितीपुढे ठेवावी. वेगळे मंडळ काढले की दोन सत्ताकेंद्रे होतात. विनाअनुदानित खासगी शाळेला ही सक्ती नाही, त्यामुळे तिथे पाच-सात जणांची साधी उत्सव समिती पुरते. तिच्यात दोन शिक्षिका, तीन-चार पालक आणि शाळेच्या मावशींपैकी किंवा शिपायांपैकी एक जण असावा. हा शेवटचा सदस्य पुष्कळ शाळा विसरतात, आणि मग पाण्याची टाकी रिकामी आहे हे कार्यक्रमाच्या सकाळी कळते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक घरी एक पानी विचारणा पाठवावी. तिच्यात देणगीचा रकाना ठेवू नये. आम्ही चारच प्रश्न विचारतो. घरातल्या कुणाला कोणते हस्तकाम, गाणे, पदार्थ किंवा खेळ येतो? कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी एक तास देता येईल? मुलाला कोणत्या पदार्थाची अॅलर्जी आहे, किंवा घरात काय खाल्ले जात नाही? मुलाचे छायाचित्र शाळेने काढले आणि इतरांना दाखवले तर चालेल का? विचारणा हिंदीत आणि मराठीत अशा दोन्ही भाषांत असावी, आणि ज्या घरात लिहिणे अवघड आहे तिथे वर्गशिक्षिकेने मुलाला घ्यायला आलेल्या माणसाशी बोलून ती भरावी. पहिल्या प्रश्नाला “काही विशेष येत नाही” असे उत्तर फार घरांतून येते. ते खरे मानू नये. अशाच एका घरी चौकशी केली तेव्हा कळले की आजोबा हुकुमचंद मिलमध्ये कामाला होते आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्यांची, चाके आणि पट्टे बसवणाऱ्यांपैकी होते.

इंदूरच्या कापड गिरण्या, म्हणजे हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, केव्हाच थंडावल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या नावाने झांक्या निघतात आणि शहर रात्रभर रस्त्यावर असते. त्या आजोबांनी सातवीच्या मुलांना सायकलचे जुने चाक, एक दोरी आणि पुठ्ठा घेऊन हत्तीची मान हलवून दाखवली. चाकाच्या मध्यापासून थोडी बाजूला ठोकलेली खुंटी फिरली की दोरी ओढली जाते आणि सैल होते, एवढेच त्यामागचे तत्त्व. पण मुलांनी पुढचा आठवडा विज्ञानाच्या तासाला त्याच खुंटीविषयी प्रश्न विचारले.

मातीचा आठवडा

श्रावण वद्य चतुर्दशी, म्हणजे स्थानिक पंचांगाची भाद्रपद कृष्ण चतुर्दशी, ही अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे निधन झाले आणि इंदुरात हा दिवस अहिल्योत्सव म्हणून पाळला जातो, पालखी निघते. दुसऱ्या दिवशी पोळा आणि त्यानंतर चार दिवसांनी गणेश चतुर्थी. पाच-सहा दिवसांत तीन प्रसंग येतात आणि तिन्ही मातीशी जोडता येतात: घाटाच्या पायऱ्या, बैल आणि गणपती. ज्या मुलाच्या घरी मूर्तिपूजा नाही ते मूल बैल करते किंवा महेश्वरचा घाट करते, आणि त्याला कुणापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. हा मार्ग सापडेपर्यंत आम्ही दर वर्षी दोन-तीन मुलांना “तू ग्रंथालयात बस” असे सांगत होतो, याची आता लाज वाटते.

मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची नसावी, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, त्यामुळे मातीचा आग्रह ही आता केवळ आवडीची बाब राहिलेली नाही. मात्र कोणती माती, हे आधी ठरवावे. पहिल्या वर्षी एका उत्साही पालकांनी आपल्या शेतातली काळी माती दोन पोती आणून दिली. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, हे आम्हा सर्वांना भूगोलात शिकवलेले होते. तरी चौथ्या दिवशी चाळीसपैकी एकतीस गणपतींच्या मानेला बोटभर रुंद भेगा पडल्या आणि मुले रडू लागली. तेव्हापासून आम्ही कुंभाराकडून मडक्यांची माती आणतो. कुंभार ती भिजवून, गाळून, मळून देतो आणि बोलावल्यास स्वतः येऊन चाक फिरवूनही दाखवतो. त्याला त्या दिवसाची मजुरी मात्र न विसरता द्यावी. “मुलांसाठी आहे” म्हणून कारागिराकडून फुकट काम करून घेणे अयोग्य आहे.

एका मुलाला साधारण अर्धा किलो मळलेली माती पुरते. त्यात पाच-सहा इंचांची मूर्ती होते. चाळीस मुलांच्या वर्गाला वीस किलो लागते, पण पंचवीस मागवावी. पावसाळ्यात माती वाळायला आठ दिवसही लागतात, म्हणून काम चतुर्थीच्या किमान दहा दिवस आधी सुरू करावे. पहिल्या दिवशी मुलांनी फक्त माती मळावी आणि तिच्याशी खेळावे. दुसऱ्या दिवशी पाट, त्यावर मांडी, पोटाचा गोळा, हात, डोके आणि शेवटी सोंड व कान, या क्रमाने मूर्ती घडवावी. जोड देण्याआधी दोन्ही पृष्ठभागांवर काडीने चरे पाडून पातळ चिखल लावावा, कारण कोरडा जोड वाळताना हटकून सुटतो. मानेत आणि सोंडेत झाडूची काडी घातली तर आधार मिळतो. मूर्ती उन्हात ठेवू नये. हवेशीर सावलीत, वर्तमानपत्रावर ठेवून रोज उलटसुलट करावी. रंगासाठी हळद, गेरू आणि चुना पुरेसे आहेत. बालवाडीच्या मुलांना मूर्ती करायला लावू नये, कारण ती काम शिक्षिकेकडून करून घेतात; त्यांनी मोदक आणि उंदीर करावेत.

या दिवसांत खाण्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. इंदुरात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. श्वेतांबरांचे पर्युषण गणेश चतुर्थीच्या सुमारास संपते आणि दिगंबरांचा दशलक्षण पर्व भाद्रपद शुक्ल पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालतो. म्हणून गणेशोत्सवात शाळेत जे काही वाटायचे, त्यात बटाटा, कांदा आणि लसूण टाळणे सर्वांच्या सोयीचे ठरते. पंचखाद्य किंवा खोबरे-साखरेची खिरापत कुणालाही चालते, मात्र अॅलर्जीची यादी एकदा समोर घेऊनच.

संजेपासून भोंडल्यापर्यंत

वर्षातला सर्वांत समृद्ध महिना माझ्या मते हाच. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यातल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने संजा काढतात, तिला फुलांनी सजवतात आणि गाणी म्हणतात. पौर्णिमेला पाटला, पंचमीला पाच कुँवारे, सप्तमीला सातिया, म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, नवमीला डोकरा-डोकरी, आणि शेवटी सगळे एकत्र करणारा किल्लाकोट. अमावास्येला संजा जाते आणि दुसऱ्याच दिवशी घटस्थापनेला आपला भोंडला सुरू होतो: पाटावर हत्ती, त्याभोवती फेर आणि शेवटी खिरापत ओळखण्याची गंमत. खानदेश आणि विदर्भातून आलेल्या घरांत भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेलाच बसते आणि कोजागरीला उठते, म्हणजे ती या दोन्ही खेळांच्या काळात असते. सांवेर-देपालपूरकडच्या आजींना संजा येते, राजेंद्र नगर-रामबागेतल्या आजींना भोंडला येतो, आणि दोघींना एकमेकींचा खेळ बहुधा अपुराच ठाऊक असतो. शाळेने एवढेच करावे की त्यांना लागोपाठच्या दोन पंधरवड्यांत एकाच अंगणात आणावे.

पितृपक्षात शाळेत उत्सव कशाला, असा आक्षेप एखादे मराठी पालक घेतातच. त्यांना शांतपणे सांगावे की माळव्यात मुलींचा हा खेळ पितृपक्षातच असतो आणि त्यात कुणाला काही अशुभ वाटत नाही. आक्षेप तरीही राहिला, तर त्या मुलीला पाहायला बसू द्यावे.

रोज संजा काढणे शाळेला शक्य असते का, तर असते, पण भिंतीवर नाही. आम्ही चार फूट लांब-रुंद अशी एक जुनी प्लायची फळी व्हरांड्यात उभी करतो आणि तिला आधी गेरूचा हात देतो. शेण ताजे हवे. दोन दिवसांचे झाले की ते चिकटत नाही आणि पोपडे सुटतात. शहराच्या मध्यात आता गुरे राहिलेली नाहीत, त्यामुळे गोशाळेशी किंवा गावाकडून रोज येणाऱ्या एखाद्या पालकाशी आधी बोलून ठेवावे लागते. एका छोट्या बादलीत दिवसाचे काम होते. खडूने आकृती काढावी, शेणाची करंगळीइतकी जाड वात करून ती खडूच्या रेषेवर दाबत जावी, आणि ओली असतानाच तिच्यावर फुले टोचावीत. तेरड्याची फुले, ज्यांना इथे गुलतेवडी म्हणतात, या काळात कुंपणाकुंपणावर असतात. हाताला जखम असलेल्या मुलाला शेणात हात घालू देऊ नये, त्याला फुलांचे काम द्यावे, आणि नंतर साबणाने हात धुण्यासाठी दोन नळ मोकळे ठेवावेत. बाजारात छापील कागदी संजा मिळते आणि वेळ नसलेल्या शाळा ती आणून चिकटवतात. तसे करण्यापेक्षा सोळाऐवजी चारच दिवस संजा काढावी.

दर संध्याकाळी आदल्या दिवशीची संजा खरवडून टोपलीत ठेवतात आणि शेवटी सगळी एकदम पाण्यात सोडतात. कान्ह नदीत ती सोडण्याचा विचारही करू नये. शेण आणि फुले ही उत्तम खताची सामग्री आहे. आषाढात लावलेल्या रोपांच्या आळ्यात ती जाते.

भोंडल्याच्या वेळी मुलग्यांचे काय करायचे, हा प्रश्न आमच्याकडे दोन वर्षे घोळत होता, कारण ते बाजूला उभे राहून चेष्टा करत असत. आता खिरापत मुलगे करतात आणि ती गुप्त ठेवण्याची जबाबदारीही त्यांचीच असते. त्यामुळे त्यांना त्या दिवशी वर्गात सर्वांत मोठे गुपित सांभाळल्याचा मान मिळतो. एकच इशारा देते: इंदुरात कोणत्याही डब्यात शेव असते, त्यामुळे पहिला अंदाज शेवेचाच येतो आणि तो बहुतेक वेळा अर्धा बरोबर ठरतो. गेल्या वर्षी सहावीच्या मुलांनी राजगिऱ्याचे लाडू केले आणि पंचवीस मिनिटे कुणालाही ओळखता आले नाहीत.

संक्रांत

संक्रांत सूर्यावर चालते, त्यामुळे ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते आणि आखायला सोपी जाते. माळव्यात त्या दिवशी गिल्ली-डंडा खेळतात. मैदानात वडील आणि आजोबा यांना उतरवण्यासाठी यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही. खेळताना प्रेक्षक दोरीच्या मागे, निदान वीस पावलांवर ठेवावेत, कारण उडालेली गिल्ली डोळ्याला लागू शकते. पतंग उडवायचे असतील तर फक्त सुती दोरा वापरावा. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे.

गरम पाकाचे लाडू मुलांकडून वळवून घेऊ नयेत, हात भाजतात. अर्धा किलो भाजलेले तीळ, पाव किलो दाण्यांचे कूट आणि अर्धा किलो मऊ गूळ एकत्र कुटून, दोन चमचे तूप घालून थंडच वळले तर साधारण ऐंशी छोटे लाडू होतात. तीळ आणि शेंगदाणे या दोन्हींची अॅलर्जी आढळते, म्हणून जूनमध्ये भरलेली यादी या दिवशी स्वयंपाकाच्या टेबलावर चिकटवलेली असावी. हळदीकुंकवाचे नाव आम्ही काढून टाकले आणि “तिळगूळ भेट” ठेवले. सवाष्ण असो वा नसो, प्रत्येक आजी, शाळेच्या मावशी आणि बसमधल्या ताई या सर्वांना मुले स्वतः लाडू देतात.

पैसे, आवाज आणि दिवसाची शिस्त

दरडोई वर्गणी घेऊ नये. खासगी शाळांत शिक्षणाच्या अधिकाराखाली पंचवीस टक्के जागांवर प्रवेश घेतलेली मुले असतात. पन्नास रुपयांची वर्गणी आणि दोनशे रुपयांचा भाड्याचा पोशाख त्यांच्या घरी किती जड जातो, हे त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांच्या यादीवरून कळते. आम्ही सामानाची यादी फलकावर लावतो: एक टोपली फुले, दोन जुन्या चादरी, सायकलचे चाक, पाच किलो गूळ. ज्याला जे शक्य आहे त्याच्यापुढे तो नाव न लिहिता केवळ खूण करतो. उरलेला खर्च शाळेचा, आणि आठ दिवसांत हिशेब त्याच फलकावर.

शैक्षणिक संस्थांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे शांतता क्षेत्र ठरवता येतो. म्हणून शाळेनेच ध्वनिवर्धक लावणे विसंगत दिसते, आणि चाळीस मुलांच्या फेराला त्याची गरजही नसते. ढोल-ताशा पथक बोलावण्याचा मोह बंद आवारात तरी टाळावा. बालवाडीची मुले कान झाकून रडतात.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मुलाचा वर्ग आणि आल्याची वेळ फाटकावर लिहून घ्यावी, आजींचीसुद्धा. पालक कितीही ओळखीचे असले तरी मुलांसोबत एकटे सोडू नये. प्रत्येक गटात एक शिक्षिका हवीच. कार्यक्रम दीड तासापेक्षा लांबवू नये आणि पाहुण्यांची भाषणे ठेवू नयेत. एखाद्या नगरसेवकांना बोलवावेच लागले, तर त्यांनाही पाटावर बसवून हातात मातीचा गोळा द्यावा; आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी त्या दिवशी भाषण न करता बरा बैल केला होता.

कचऱ्याविषयी इंदूरकरांना वेगळे सांगावे लागू नये. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात शहर सतत पुढे राहिले ते ओला आणि सुका कचरा घरोघरी वेगळा होतो म्हणून. शाळेतही त्या दिवशी थर्माकोल, चमकी आणि एकदा वापरून फेकायचे पेले आत येऊच देऊ नयेत. मुले घरून पेला आणतात, निर्माल्य खताच्या खड्ड्यात जाते, आणि कचरा गाडी येण्याआधी आठवीचा वर्ग दोन्ही डबे तपासतो.

उत्सववही

प्रत्येक कामानंतर तीन दिवसांच्या आत समितीने बसून एका जाड वहीत नोंद करावी: काय किती लागले, किती उरले, कुणी काय शिकवले, कोणता पालक पहिल्यांदा आला, कोणते मूल बाजूला राहिले आणि का. छायाचित्रे कमी चिकटवावीत; मापे, पत्ते आणि चुका जास्त लिहाव्यात. पालक तीन-चार वर्षांत बदलतात आणि शिक्षिकांच्याही बदल्या होतात, त्यामुळे ही वही मुख्याध्यापिकांच्या कपाटात राहावी आणि जूनच्या पहिल्या बैठकीत नव्या समितीने ती मोठ्याने वाचावी. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर कुंभाराचा पत्ता आहे, आणि त्याच्या खाली लाल शाईने, दोनदा अधोरेखित करून लिहिले आहे: “काळी माती नको.”